कुंकू काढायचा आठवडा

शिवाजीनगर, बेंगळुरू
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

चि. योगीराज यास,

अक्काचा आशीर्वाद. वीणाला आणि सुखदाला पण सांग. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे ठीकच असणार, नवव्या मजल्यावर काय व्हायचंय, धूळसुद्धा लिफ्टने वर येत असेल.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअपवर बोलून पाठवलं तर निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही. म्हणून कागद घेतला. माझी शाळा कन्नडातली चौथी, मराठी अक्षरं आप्पांनी दुकानातल्या बाकावर बसवून शिकवली, तेव्हा चुका दिसल्या तर गिळ. कल्लाप्पा दर शनिवारी सामानाची पिशवी घेऊन होसकोटेला तुझ्या शेडवर येतो, त्याच पिशवीत हे टाकते. कागदाला निळी खूण येत नाही. वाचलंस का नाही ते मला कळणार नाही, तेवढी तुला सूट.

परवा भाऊबीज झाली. ट्रॅफिक होतं म्हणून आला नाहीत असं वीणाने कळवलं. तुमच्या सर्जापूर रोडला ट्रॅफिक कधी नसतं? गेल्या वर्षी नव्हतं का? मी काही दाराकडे बघत बसले नव्हते. करंज्या खालच्या बेकरीतल्या लोकांनी खाल्ल्या, चांगल्या झाल्या म्हणाले. विषय संपला.

आता कामाचं.

कनकपुऱ्याच्या बाजूचा देवाप्पा आठवतो ना? जाड मिशांचा, दूध घालतो, रागीच्या शेताला डुकरं येतात म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढलेला. त्याच्या बंदुकीला ऑगस्टमध्ये तू नवा पेच बसवून दिलास. होसकोटेच्या मशीनवर एकदम वीसेक काढलेस, त्यातला. तो गेल्या आठवड्यात दुकानात आला. दुधाच्या टेम्पोतून, बंदूक गोणपाटात गुंडाळून. मी गोणपाट सोडलं आणि गज आत घालून बघितला, तर गज अर्ध्यात अडला.

"देवाप्पा, ही भरलेली आहे?"

"भरलेलीच आहे अक्का. रिकामी कशी करू? तुम्ही स्क्रूच ठेवला नाही."

"भरलेली बंदूक घेऊन तू सिटी मार्केटातून आलास?"

"टेम्पोतून आलो."

टेम्पोतून आला, म्हणजे झालं! मी त्याला दुकानाबाहेर उभं करून इतकं बोलले की समोरचा अत्तरवाला गल्ल्यावरून उठून आला. मग पाणी दिलं आणि विचारलं काय झालं. तो म्हणाला, डुकरं शेतात शिरली, मी चाप ओढला, टप् झालं, बस्स. दुसरी टोपी लावली, परत टप्. "आई मागून म्हणते, देवाचं नाव घे. मी म्हटलं, आई, देव आत अडकलाय." शेवटी त्याने तेलाचा डबा वाजवून डुकरं हाकलली.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. तू विसरलास असं धरलं तरच मला तुझ्याशी बोलता येईल. माहीत असून केलंस असं धरलं तर मला बोलायचंच नाही.

ठासणीच्या बंदुकीत सगळं पुढून जातं. दारू पुढून, बोळा पुढून, छर्रे पुढून, वरून गजाने ठासायचं. मागे नळीचं बूड बंद करणारा पेच, बाकी काही नाही. घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते, ठिणगी टोपीखालच्या निपलच्या भोकातून पेचातल्या बारीक वाटेने आत दारूपर्यंत जाते. वाट मोकळी असली तर बार. नसली तर टप्, आणि डुक्कर तुझ्याकडे बघतंय.

आप्पांच्या पेचाला तोंडाशी वाटी असायची. निपलपासून वाट सरळ त्या वाटीत. आणि बाजूला एक स्क्रू. तो काढला की वाट उघडी, तार फिरव, गरम पाणी सोड, पुस, लाव. तो स्क्रू कशासाठी होता? आयुधपूजेसाठी होता! लोक बंदूक पाटावर ठेवतात, तेल चोळतात, हळदकुंकू ओलं करून बोटाने ओढतात. आणि नेमकं कुठे ओढतात? घोड्याखाली, निपलवर. देव तिथेच बसलेला असतो ना. ते तेलकुंकू आत उतरतं आणि वाळतं. दरवर्षी उतरतं. आपल्या दुकानात दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे कुंकू काढायचा आठवडा. तू पाटावर बसून निपल धुवायचास, मी स्टोव्हवर पाणी ठेवायची, आप्पा म्हणायचे बाळंतिणीला पण एवढं पाणी लागत नाही.

आणि तू त्या पेचाला स्क्रूच ठेवला नाहीस. जिथे स्क्रू होता तिथे गुळगुळीत लोखंड. जुलैमध्ये मी तुला शेडवर येऊन सांगितलं होतं, योगी, बाजूचा स्क्रू सोडू नको. तू मशीनचं बटण दाबता दाबता म्हणालास, "अक्का, कोण उघडतं तो?"

मी उघडते! कल्लाप्पा उघडतो! दसऱ्यानंतर शंभर माणसं येतात ती काय माझं तोंड बघायला येतात?

देवाप्पाची बंदूक मी रिकामी केली. झाली रिकामी. कशी ते विचारू नकोस.

आता ऐक. तू दिलेल्या त्या सगळ्या बंदुकांना यंदा पूजेला कुंकू लागलंय. रागी पिकायला लागली. नोव्हेंबरभर ती माणसं रोज शेतात बसणार. टोपी फुटेल, बार होणार नाही. मग कुणी मांडीवर घेऊन खिळ्याने उकरेल, कुणी नळीत डोकावेल. दारू कधी लगेच पेटते, कधी सावकाश विचार करून पेटते, हे तुला आप्पांनी कान धरून शिकवलंय. सगळ्या बंदुका परत बोलाव. पेच बदलून दे, नाहीतर स्क्रू पाडून दे. ही विनंती नाही.

अक्षर ओळीवरून घसरतंय, तिकडे लक्ष देऊ नको. मी थोडे दिवस फाईल धरत नाही, काम कल्लाप्पा बघतो. कारण काही नाही, कंटाळा.

तुझी
अक्का


शिवाजीनगर
शनिवार, १ नोव्हेंबर

योगीराज यास,

आशीर्वाद. बाहेर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लागलेत, स्पीकर सकाळपासून कानात बसलाय, म्हणून पत्र मोठ्या आवाजात लिहिते असं समज.

तुझं अर्धं पान मिळालं. सोबत म्हैसूरपाकाचा डबा. मी बंदुका मागितल्या आणि तू म्हैसूरपाक पाठवलास. डबा फोडला नाही, परत जाईल.

तू लिहिलंस, बाजूच्या स्क्रूतून झळ बाहेर येते, त्यानेच आप्पांचं मनगट भाजलं होतं. खरं आहे. मी खोटं कशाला म्हणू? त्या दिवशी मनगटाला लोणी मीच लावलं, तू तेव्हा अर्ध्या चड्डीत होतास. तुझ्या नव्या पेचाचे आटे लांब आहेत, गळती नाही, हे पण खरं. कल्लाप्पासुद्धा म्हणाला की योगीने आटे छान पाडलेत. पण झळ येते म्हणून स्क्रू चांगला घट्ट बसवायचा का स्क्रूच काढून टाकायचा? दार कुरकुरतं म्हणून कुणी भिंत बांधतं का रे?

पुढे लिहिलंस, कुंकू घातलं त्यांनी, माझी काय चूक. आणि दुकानात पाटी लावूया म्हणे, बंदुकीला कुंकू लावू नये. लाव. कन्नडात लाव, तमिळमध्ये लाव, उर्दूत लाव. देवाप्पाच्या आईला कुठलीच भाषा वाचता येत नाही. ती पुढच्या दसऱ्याला त्या पाटीला पण कुंकू लावेल. माणसं काय करतात ते बघून पेच करायचा असतो. पेच केला म्हणून माणसं बदलत नाहीत.

मग शेवटी खरी गोष्ट लिहिलीस, तीही सगळ्यात बारीक अक्षरात. बंदुका परत बोलावल्या तर बोभाटा होईल, साहेब लोक तपासायला येतील, दुकानाचा परवाना जाईल, आणि तो परवाना आपल्या दोघांचं जेवण आहे.

हे तू मला सांगतोस? नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा आप्पांनी एक शब्द विचारला नाही, हातात फाईल दिली आणि म्हणाले, हा घोडा घास. तेव्हापासून मी त्याच परवान्यावर जेवते. नाव तुझं आहे, पण हात काळे माझे झालेत. परवाना गेला तर तुझ्याकडे मशीन आहे, तू गाड्यांचे पार्ट काढशील. मी काय काढणार? म्हणजे कुणाला जास्त भीती वाटायला पाहिजे, बोल.

तरी मी म्हणते बोलाव.

देवाप्पाचा पेच उघडला. म्हणजे नंतर कल्लाप्पाने शिकंज्यात धरून उघडला, मी बाजूला बसून बघितलं. तुझी वाट सरळ नाही. मशीनला सोपं पडावं म्हणून तू ती काटकोनात वळवलीस. त्या कोपऱ्यात कुंकू, तेल आणि दारूची काजळी बसून असा गोळा झाला होता की कल्लाप्पाला तो दाभणाने फोडावा लागला. मी आधी पुढून पाणी ओतलं होतं. आख्खा तांब्या ओतला आणि तासभर तशीच उभी ठेवली, आप्पा करायचे तशी. नळीतली दारू चिखल झाली. कोपऱ्यापलीकडे निपलच्या बाजूला पूजेआधीची थोडी दारू होती, वर निपलमध्येही कुंकू बसलेलं म्हणून टोपीने न पेटलेली, ती कोरडी राहिली. पाणी तिथे गेलंच नाही. स्क्रू असता तर मी तिथून पाणी सोडलं असतं. स्क्रू नव्हता म्हणून मी निपलला पाना लावला.

कोरडी होती, योगी. मी काय लिहिते ते समजतंय का? नसेल समजत तर सोड.

कल्लाप्पाच्या तोंडून निसटलं म्हणे तुझ्याकडे, अक्का दुकानात काळा चष्मा लावून बसते. डोळे आलेत. शिवाजीनगरात साथ आहे, अर्धा बाजार काळे चष्मे लावून फिरतोय. तू चौकशी करायला येऊ नको, सुखदाला लागेल.

शुक्रवारपर्यंत मला कळव की पहिली बंदूक कधी परत येते. म्हैसूरपाक नको.

अक्का


शिवाजीनगर
शनिवार, ८ नोव्हेंबर

योगी,

आज आशीर्वाद आणि खुशाली काही लिहीत नाही. तू गुरुवारी येऊन खुशाली बघून गेलास.

कल्लाप्पाला मी म्हैसूरपाकाचा डबा परत द्यायला तुमच्या फ्लॅटवर पाठवला, तीच माझी चूक. गेटवरच्या माणसाने त्याचा फोटो काढला, फोन लावला, कुठून आला, कशाला आला विचारलं. वीणाने वर बोलावून कॉफी दिली, आणि म्हातारा कपात रडला. त्याला मी आईची शपथ घातली होती. ती कॉफीत बुडाली.

संध्याकाळी तू आलास. बूट घालूनच आत आलास, आप्पांच्या दुकानात बूट घालून. मी चष्मा काढला नाही, तू काढलास. मग खाली बसून भोकाड पसरलंस. गिऱ्हाईक उभं होतं. समोरच्या मशिदीची अजान चालू होती, तिच्यावर तुझा आवाज जात होता.

"अक्का, हे माझ्यामुळे?"

"नाही, शेजारच्या मांजरामुळे."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

गिऱ्हाइकासमोर मी घरचं बोलत नाही. आता लिहिते, नीट वाच.

देवाप्पा बंदूक ठेवून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. निपलवर फुटलेल्या टोपीचा पत्रा चिकटून बसला होता. पाना फिरत नव्हता. मी जोर लावला, त्या पत्र्यात काहीतरी जिवंत राहिलं असणार. मोठा बार झालाच नाही, पुढची दारू भिजलेली होती. नुसतं फुस्स. चुलीवर पाणी सांडल्यावर होतं तेवढंच. पण ते फुस्स डाव्या डोळ्यात गेलं. चष्मा? चष्मा खिळ्याला टांगला होता. मला शिकवू नकोस.

कल्लाप्पाने ऑटोत घातलं. डोळ्यांच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, तिने विचारलं कशाने झालं. मी म्हटलं ग्राइंडर. ती म्हणाली, ग्राइंडरने पापणीवर असे काळे ठिपके पडत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडच्या ग्राइंडरने पडतात. तिने माझ्याकडे बघितलं आणि ग्राइंडर लिहिलं. दारूचं नाव घेतलं असतं तर पोलिसांचा कागद झाला असता, पोलीस दुकानात आले असते, दुकानातून तुझ्या शेडवर. मी तिथे टेबलावर पडून, एक डोळा जळत असताना, तुझा परवाना सांभाळला.

डोळ्याचं असं आहे की त्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. सुधारेल म्हणतात. असं म्हणायची त्यांची पद्धत असते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. का सांगितलं नाही. ट्रॅफिक निघालं आणि भाऊबीजेला तू आला नाहीस, तेव्हा मी सुटले असं वाटलं, कारण पट्टी होती. आणि मग दिवसभर तुला शिव्या घातल्या, कारण तू आला नाहीस. ते सोड. खरं कारण वेगळं आहे. मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहीत होतं. तू गुरुवारी तेच केलंस. माझे पाय धरलेस आणि म्हणालास, "तुझी शपथ अक्का, सगळ्या बंदुका बोलावतो. तुझ्यासाठी बोलावतो."

माझ्यासाठी!

दोन पत्रं मी लिहिली, कुणाचा जीव जाईल, कुणाचं तोंड जळेल. तेव्हा तुला कुंकवाची पाटी सुचली. माझी पापणी काळी बघितल्यावर तुला रडू फुटलं. म्हणजे बहिणीचा डोळा तो डोळा, आणि कनकपुऱ्याच्या माणसाचं काय, तिथे काचेची गोटी बसवलेली असते? मला बघायचं होतं की माझं नाव मध्ये न येता तू हे करतोस का. म्हणून गप्प बसले. तू केलं नाहीस. मला डोळ्याचा राग नाही एवढा त्याचा आहे.

आणि एवढ्यावर तू थांबला नाहीस. काल कल्लाप्पाने त्याच्या फोनवर तुझा मेसेज दाखवला. सगळ्या गिऱ्हाइकांना गेलाय. दिवाळी संपून गेली तरी दिवाळी ऑफर, ठासणीच्या बंदुकांचं फ्री चेकिंग आणि ऑइलिंग, वर दोन पणत्यांचं चित्र.

अय्यो, योगी. पणत्या!

शपथ माझी घेतलीस आणि काम चोरून करायला बसलास. चूक झाली म्हणायची नाही, गुपचूप पेच बदलायचे, लोक वर धन्यवाद म्हणून जातील. हुशार आहेस. पण रागीच्या दिवसांत फुकट तेल लावून घ्यायला कोण बंदूक हातातून सोडेल? एक तरी आली का? आज देवाप्पाचा फोन आला होता, त्याची बंदूक कधी मिळेल विचारायला. म्हणाला, "अक्का, माझ्या चुलत्याकडे पण योगी अण्णाचीच आहे, त्याला ऑफरचं सांगितलं. तो म्हणतो, चालतेय की, रागी घरात आली की बघू."

"चालतेय? पूजेनंतर उडवून बघितली का त्याने?"

"नाही. अजून डुकरं त्याच्या बाजूला आली नाहीत."

ऐकलंस? डुकरं यायची आहेत तेवढाच उशीर आहे. मी देवाप्पाला तिथेच फोनवर खरं सांगणार होते. जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, नाही. मी सांगितलं तर अक्काने सांगितलं होईल, आणि तू परत माझ्या पदराआड. एवढंच म्हणाले की चुलत्याला सांग, उद्यापर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही, भरायची पण नाही, उद्या योगी स्वतः येतोय. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, तो सांगेल.

तेव्हा उद्या रविवारी तू कनकपुऱ्याला जातोयस. गाडी घेऊन जा, बंदुका आणायला जागा लागेल. देवाप्पाच्या गावात तुझ्या तीन आहेत, तिथून सुरू कर, मग बाकीची गावं. कल्लाप्पाला नेऊ नको. तो बरोबर असला की बोलायचं काम त्याच्यावर ढकलशील आणि तू गाडीत बसून फोन बघशील. त्यांना ऑफर सांगू नको, ऑइलिंग सांगू नको. माझा डोळा पण सांगू नको, खबरदार. डोळ्याचं ऐकलं की ती माणसं हळहळतील, तुला पाणी देतील, तुझीच समजूत घालतील, आणि तू आणखी एकदा सुटशील. पेचात खोट आहे, वाट कोंदते, बार उशिरा होऊ शकतो, जीव जाऊ शकतो, एवढं सांगायचं. मग बघ देतात का नाही बंदूक. रागी सोडून देतील.

ते चिडले तर चिडू दे. चुलता तापट आहे, शिव्या देईल. कन्नडातल्या शिव्या आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत, मरत नाही कोणी.

आणि सोमवारी सकाळी मी पोलीस स्टेशनला जाणार आहे. ग्राइंडर नव्हता, दारू होती, पेच आमचा होता, असं सांगणार. हॉस्पिटलात त्या डॉक्टरणीला पण जाऊन सांगेन, तिने माझ्यासाठी मान खाली घालून खोटं लिहिलं. परवाना थांबवतील, काढून घेतील, काय करायचं ते करतील. आप्पांच्या नावाची पाटी उतरवायला लागली तर मीच स्टूल घेऊन चढेन, कल्लाप्पाला चक्कर येते. मग मी काय करेन ते मला ठाऊक नाही. कमर्शियल स्ट्रीटला शिलाई मशीन दुरुस्त करणारे आहेत, त्यांना फाईल धरणारं माणूस लागतं म्हणतात. एका डोळ्याचं चालतं का ते विचारावं लागेल. तू मदत देऊ केलीस तर मी ती जिन्यावरून खाली फेकेन, आत्ताच सांगते.

तू माझ्याआधी स्टेशनला गेलास तर मी तुझ्या मागे उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही. नाही गेलास तर मी पुढे असेन. दोन्हीपैकी काय ते तू बघ. माझं जायचं ठरलं आहे.

आता एवढंच राहिलं. उद्या त्या चुलत्याच्या दारात उभा राहिलास की तुझी जीभ वळवळेल. मशीन, कुंकू, ऑगस्ट, घाई, सगळं आठवेल. ते गिळ. आधी म्हण, "नानु माडिद्दु." मी केलं. दोनच शब्द आहेत. सर्जापूर रोडपासून कनकपुऱ्यापर्यंत ट्रॅफिक भरपूर आहे, पाठ होतील.

ते त्यांच्यासमोर म्हणून झालं की मग ये आणि माझ्या डोळ्याची चौकशी कर. त्याच्या आधी नको.

तुझी अक्का,
चंपा